स्मोकरवरचा जळका थर: काय घासायचं, काय जाळायचं आणि काय तसंच ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका कुटुंबाने ओळखीतून जुना स्मोकर, म्हणजे धुरावर अन्न शिजवायचं साधन, घेतला आहे. ड्रमसारखं आडवं धड, बाजूला भट्टी, वर धुराडं. आत एक बिडाची जाळी, एक चकचकीत तारेची जाळी, खाली चरबी गोळा होणारा ॲल्युमिनियमचा ट्रे आणि पाणी ठेवायचं स्टीलचं ताट. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटून पनीरवर पडतात, चिकन कडू लागतं. लिंबू-मीठ लावून झालं, खायचा सोडा आणि व्हिनेगर झालं, शेवटी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात एकेक भाग बुडवायला घेतला तर ट्रे फसफसून काळा पडला. आता कॉस्टिक वापरायचा की नाही, आणि आतला सगळा काळेपणा काढून पत्रा उघडा करायचा का, असे दोन प्रश्न आहेत.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्याने निम्मी मेहनत वाचते. आतला सगळा काळेपणा काढायचा नाही. सांवेर रोडवर आमचा भट्ट्या, तंदूर आणि बार्बेक्यू बनवण्या-दुरुस्तीचा कारखाना आहे. दिवाळीनंतर गच्चीवरच्या पार्ट्या सुरू होतात तेव्हा जुने स्मोकर यायला लागतात आणि बहुतेकांची मागणी एकच असते, आतून नवा करून द्या. आतून नवा केलेला स्मोकर पुढच्या पावसाळ्यात आतून गंजतो. धडाच्या आत घट्ट बसलेला, कोरडा, बोटाला न लागणारा काळा थर हे पत्र्याचं संरक्षण असतं. घरच्या लोखंडी तव्याला वापरून जे अंग येतं तेच हे. तो थर जेवणात पडत नाही आणि कडूही लागत नाही. त्रास देतो तो त्याच्यावर बसलेला दुसरा माल.

तो माल चार प्रकारचा असतो आणि चौघांचं औषध वेगळं आहे. जुन्या स्टीलच्या चमच्याची कड प्रत्येक भागावर फिरवून बघा. मेणासारखं सरकलं तर ती नुसती चरबी. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे. तपकिरी, काचेसारखं चमकणारं, चमचा नुसता घसरून जाणारं असेल तर ते तेल तापून-तापून त्याचे रेणू एकमेकांत गुंतून बनलेलं रोगणच. साबण त्याला हात लावू शकत नाही, तीव्र क्षार लावू शकतो. काळं, ठिसूळ, कर्र आवाज करत सुटणारं म्हणजे कोळसा. शुद्ध कोळसा विरघळवणारं कुठलंही द्रव्य घरात नसतं, दुकानातही नसतं. तो खरवडायचा किंवा जाळायचा. आणि चौथं, डांबरासारखं काळं, चकाकणारं, वास घेतला की नाकात झोंबणारं. तो धुराचा थिजलेला राप, इंग्रजीत क्रिओसोट म्हणतात तो. चिकन कडू होतं ते याच्यामुळे. तुमच्या झाकणातून गळणारे पापुद्रे म्हणजे रंग उडतोय असं पुष्कळांना वाटतं. पण साध्या लोखंडी स्मोकरला आतून सहसा रंग देत नाहीत (ड्रमच्या अस्तराचं पुढे सांगतो). तो चरबी आणि राप यांचा कोरडा झालेला थर आहे.

लिंबाने काही झालं नाही याचं कारण आता कळेल. आम्ल गंजावर चालतं, पाण्याच्या क्षारांवर चालतं, चरबीवर चालत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा प्रकार तर मला कधीच पटला नाही. दोघं एकमेकांना मारतात, फेस येतो, बघायला मजा येते, आणि मागे उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. वेगवेगळे वापरले असते तर निदान थोडंफार काम झालं असतं.

काही लावण्याआधी धातू ओळखा. चुंबक घ्या. बीड आणि साधं लोखंड चुंबकाला घट्ट धरतं. ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही आणि ते हाताला हलकं लागतं. ३०४ आणि २०२ या दोन्ही जातींच्या स्टीलला चुंबक लागत नाही किंवा अगदी नावाला लागतो; स्वस्तातलं ४३० मात्र चुंबक पकडतं. फसवतो तो जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, कारण आत लोखंड असल्यामुळे चुंबक तिथे चांगलाच चिकटतो. तो डोळ्यांनी ओळखायचा: राखाडी-पांढरा, आणि अंगावर बर्फाच्या स्फटिकांसारखी नक्षी. असा पत्रा किंवा जाळी स्मोकरच्या आत कुणी बसवली असेल तर साफ करत बसू नका, काढून टाका. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, भट्टीजवळ याहून जास्त ताप सहज होतो, आणि जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप चांगला माहीत असतो.

आता जाळ्या, कारण खरं काम तिथलंच आहे.

बिडाच्या जाळीला पहिला उपाय आग. ट्रेमधली साचलेली चरबी आधी पूर्ण काढा. हे सांगायला लागू नये, पण ट्रे भरलेला ठेवून कोळसे पेटवणारे भेटतात आणि मग जाळ झाकणाच्या बाहेर येतो. कोळशाचा चांगला लाल निखारा करा, जाळी त्याच्यावर ठेवा, झडपा उघड्या ठेवा. आधी भरपूर धूर निघेल. धूर पूर्ण थांबला की जळण्यासारखं सगळं जळालं असं समजा. परदेशी ओव्हनमध्ये स्वतःहून साफ होण्याची सोय असते, ती याच तत्त्वावर: ओव्हन ४८०-५०० अंशांवर काही तास ठेवतात, आतली घाण राख होते. निखाऱ्यावर तेवढा ताप मिळतोच. जाळी लाल व्हायच्या आत बाजूला करा, कारण त्यापुढे ती वाकते. आणि तापलेल्या बिडावर पाणी ओतू नका. एकदम गार झालं की बीड तडकतं, आणि तडकलेलं बीड घरी जोडता येत नाही. आपोआप गार होऊ द्या, मग पट्टीने खरवडून राख झटका. पुष्कळदा इथेच काम संपतं.

तुमची चकचकीत तारेची जाळी मात्र आगीत टाकू नका. ती स्टीलची आहे की लोखंडावर क्रोमचा मुलामा, हे आधी बघा. कडेला, जोडांपाशी कुठे गंजाचा ठिपका किंवा सुटलेली पापडी दिसली तर मुलामा समजा. मुलामा सुटायला लागला असेल तर त्या जाळीवर घालवलेला प्रत्येक तास वाया आहे. ती भंगारात द्या आणि लोहामंडीतून ३०४ ची सळई घेऊन त्याच मापाची नवी करून घ्या. कुठलाही वेल्डर करून देतो. फक्त सळई ३०४ च आहे ना हे पक्कं करा. २०२ मध्ये निकेल कमी असतं आणि मीठ-मसाल्याच्या संगतीत ती लवकर डागते. नवी करतानाच दोन करून घ्या. आपल्या मराठी घरांत एकाच स्मोकरवर एकीकडे पनीर आणि एकीकडे मटण अशी वेळ येते, आणि कितीही साफ केलेली जाळी सासूबाईंना पटत नाही. हा प्रश्न रसायनाने सुटणारा नाही, दुसऱ्या जाळीने सुटतो.

जाळी स्टीलची निघाली तर धुण्याचा सोडा. खायचा नव्हे, धुण्याचा. सियागंजात किलोवर मिळतो आणि स्वस्त आहे. मोठ्या स्टीलच्या भगुण्यात १० लिटर पाण्याला अर्धा किलो सोडा, पाणी उकळीजवळ आणा, जाळी पूर्ण बुडेल अशी ठेवा, पाऊण तास मंद आचेवर राहू द्या. जाळी भगुण्यात मावत नसेल तर एकदा एक बाजू, मग दुसरी. इथे ताप महत्त्वाचा आहे, घासणं नाही. साधारण १० अंश ताप वाढला की अशा क्रियेचा वेग दुपटीच्या आसपास जातो, म्हणून थंड पाण्यात रात्रभर जे होत नाही ते गरम पाण्यात पाऊण तासात होतं. पाणी चहासारखं तपकिरी झालं की काम चाललंय. बाहेर काढून काथ्याने किंवा नायलॉनच्या घासणीने पुसा, बहुतेक थर गाळासारखा निघून येईल. कोपऱ्यांत राहिलं तर ताज्या सोड्यात परत एकदा.

पाण्याचाही इथे फरक पडतो. घरात नर्मदेचं पाणी येत असेल तर बरं. बोरिंगचं असेल तर सोडा थोडा वाढवा. बोरिंगच्या जड पाण्यात सोड्याचा काही भाग पाणी मऊ करण्यातच खर्च होतो आणि चरबीचा साबण बनला तरी त्याचा पांढरा साका जाळीवर परत बसतो.

खायचा सोडाच घरात असेल तर तो कोरडाच ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवा. त्यातला कार्बन डायॉक्साइड आणि पाणी निघून जातं आणि मागे धुण्याचा सोडाच उरतो.

आणि राख. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे क्षारच. आजीच्या काळी चुलीवरची भांडी राखेने निघत होती ती काही श्रद्धेने नव्हे. स्मोकरमधलीच चाळलेली बारीक राख ओल्या फडक्यावर घेऊन स्टीलच्या जाळीवर आणि पाण्याच्या ताटावर फिरवा. हलका चिकटपणा निघायला एवढं पुरतं. हाताला रबरी मोजे घाला, राखेचं पाणी कातडी कोरडी पाडतं. विटेसारखे साच्यातले कोळसे वापरत असाल तर ती राख घेऊ नका, त्यात माती आणि चुना मिसळलेला असतो.

आता कॉस्टिक. वापरायचा की नाही, तर बिडाला आणि साध्या लोखंडाला, आगीनंतरही रोगणासारखा थर राहिला तर, जरूर वापरा. लोखंडाला तो खात नाही, चरबीला साबण करून सोडतो. हॉटेलांच्या भट्ट्यांची बिडं वर्षानुवर्षं याच्यावर निघतात. पण हा सोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, एवढं लक्षात ठेवूनच पुडी फोडा. जाड प्लास्टिकची, झाकण असलेली बादली घ्या. आधी थंड पाणी, मग त्यात सोडा थोडाथोडा. उलटं कधीही नाही. सोड्यावर पाणी ओतलं तर ते जागच्या जागी उकळून अंगावर उडतं. लिटरला ५० ग्रॅम खूप झाला. कोपरापर्यंतचे रबरी मोजे, बंद चष्मा, पूर्ण बाह्या, पायात बूट. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं त्या गच्चीवर येणार नाहीत अशी कडी लावा. थंड पाण्यातच जाळी दोन-तीन दिवस बुडवून ठेवा. घाई म्हणून कॉस्टिकचं पाणी गॅसवर चढवू नका. कातडीवर थेंब पडला तर वाहत्या पाण्याखाली धरा. बुळबुळीत लागणं थांबेपर्यंत हात बाहेर काढू नका. डोळ्यात गेला तर वीस मिनिटं पाणी मारत राहा आणि तसेच दवाखान्यात जा.

तुमचा ट्रे काळा का पडला ते सांगतो. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो आणि खाताना हायड्रोजन सोडतो. फसफस ती त्याची. बंद खोलीत हे केलं तर जवळच्या ठिणगीने पेट घेऊ शकतो. धुण्याचा सोडाही ॲल्युमिनियमला काळपट करतो, फक्त सावकाश. ट्रे पातळ झाला नसेल, बोटाने दाबून वाकत नसेल, तर वापरता येईल: भांड्यांच्या साबणाने धुवा, लिंबूफूल म्हणजे सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात घालून त्यात अर्धा तास ठेवा, काळपटपणा बराच उतरेल. चमक परत येईलच असं नाही आणि त्याची गरजही नाही. यापुढे ट्रेमध्ये फॉइल अंथरा आणि दर वेळी ती फॉइल बदला. ट्रे घासत बसण्यापेक्षा हे कधीही परवडतं.

कॉस्टिक किंवा धुण्याचा सोडा जाळीवरून पूर्ण गेला की नाही, याची परीक्षा हळदीने होते. कोऱ्या कागदावर पाण्यात कालवलेली हळद पुसून वाळवा. जाळी खळखळून धुतल्यावर तिच्यावरून ओघळणारा थेंब या कागदावर घ्या. लाल झाला तर सोडा अजून आहे, परत धुवा. एक बारकावा: बोरिंगचं पाणी स्वतःच थोडं क्षारी असू शकतं, म्हणून शेजारी नळाच्या साध्या पाण्याचा एक थेंब टाकून रंग ताडून बघा. दोन्ही सारखे दिसले की झालं.

काही गोष्टी स्मोकरच्या जवळही आणू नका. संडास धुण्याचं ॲसिड लोखंड खातं, स्टीलला बारीक भोकं पाडतं आणि त्याच्या वाफेने शेजारचं न लावलेलं लोखंडसुद्धा गंजतं. ब्लीचमधला क्लोरीन स्टीलला तेच करतो. ही दोन्ही एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो; ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तरी विषारीच वायू. रंग काढायचं रसायन अन्नाच्या भांड्याला लावायचं नसतं. ओव्हन साफ करायचे फवारे चालतात, पण त्यांच्या डब्यावर सोडियम हायड्रॉक्साइड लिहिलंय का बघा. असेल तर तो कॉस्टिकच आहे, वरचे सगळे नियम त्यालाही.

तारेच्या ब्रशबद्दल मी जरा हट्टी आहे. जाळी खरवडायला तारेचा ब्रश वापरू नका, निदान जुना झालेला तरी. त्याची तार तुटते, जाळीत अडकते, पुढच्या वेळी तंदुरी तुकड्याला चिकटून पोटात जाते. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या रुग्णालयांत मार्च २०११ ते जून २०१२ या काळात अशा सहा रुग्णांची नोंद झाली आणि तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने ती प्रसिद्ध केली. कुणाच्या घशात तार रुतली होती, कुणाच्या आतड्यात. आम्ही शिसवीच्या किंवा बाभळीच्या लाकडाची जाड पट्टी देतो. गरम जाळीवर दाबून फिरवली की तिच्या कडेला जाळीच्या सळ्यांच्या मापाच्या खाचा जळून पडतात आणि त्यानंतर ती त्या जाळीवर अगदी फिट बसते. भिंतीला पुट्टी लावायची स्टीलची पट्टीही चांगली. स्टीलच्या जाळीला लोखंडी तारेची घासणी लावायची नाही. तिचे कण अडकून दुसऱ्या दिवशी गंजाचे ठिपके दिसतात आणि दोष स्टीलला दिला जातो.

धड, झाकण आणि धुराडं पाण्याने धुवायचं नाही. कोरडं खरवडायचं. आधी स्मोकर अर्धा तास साधारण १२०-१५० अंशांवर चालवा, आत उकळत्या पाण्याचं ताट ठेवा आणि झाकण बंद. वाफेने सैल पापुद्रे फुगतात. मग आग विझवून, हात लावण्याइतपत गार झाल्यावर, पुट्टीची पट्टी झाकणाच्या आतून वरून खाली फिरवा. सहज येईल तेवढं येऊ द्या, चिकटून राहील ते राहू द्या; जोर लावून चकचकीत लोखंड उघडं पाडू नका. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं असेल तर आवरायला सोपं. चकाकणारा राप जिथे दिसेल, आणि तो जास्त करून धुराड्याच्या तोंडाशी आणि झाकणाच्या वरच्या बाजूला दिसेल, तिथे मात्र दयामाया नको. तो जळाऊ आहे. साठत गेला तर धुराड्यात आग लागते. लांब काठीला गोणपाट गुंडाळून धुराड्यात वरखाली करा, मग भट्टीत मोठा जाळ करून झडपा उघड्या ठेवून तासभर चालवा.

स्मोकर स्थानिक फॅब्रिकेटरने २०० लिटरच्या ड्रमपासून बनवलेला वाटतो, म्हणून एक चौकशी जरूर करा: ड्रममध्ये पूर्वी काय होतं? खाद्यतेल असेल तर ठीक. कीटकनाशक किंवा कारखान्याचं रसायन असेल, किंवा उत्तरच मिळत नसेल, तर साफसफाईचा विषय संपला. तो ड्रम जेवणासाठी वापरू नका. ड्रमला आतून लालसर किंवा पिवळट लाखेसारखं अस्तर असतं, तेही आधी पूर्ण जाळून काढलेलं असायला हवं. काळ्या पापुद्र्यांखाली असा रंग दिसला तर घरी काही करू नका, सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने साफ करायला, द्या. सांवेर रोडवर पावडर कोटिंगवाल्यांकडे ही सोय असते. फक्त आतून पावडर कोटिंग करून देतो म्हणाले तर नको म्हणा. ते भट्टीचा ताप सोसत नाही.

इनॅमलच्या जाळ्या किंवा झाकण असतील तर गरम असताना त्यांच्यावर थंड पाणी नको, पट्टी लाकडाचीच. झाकणाच्या कडेची फेल्टची पट्टी फक्त ओल्या फडक्याने. मातीचे, चिनीमातीचे भाग साबणाने धुवायचे नाहीत, ते साबण पितात. निखाऱ्यावर जाळूनच स्वच्छ करायचे. पाण्याच्या ताटाच्या तळाशी पांढरा खरखरीत थर दिसला तर तो बोरिंगच्या पाण्याचा. लिंबूफुलाच्या गरम पाण्याने दहा मिनिटांत जातो. आधी सोडा लावला असेल तर मधे नीट धुवा, नाहीतर परत तेच सोडा-व्हिनेगर.

कॉस्टिकमधून निघालेलं बीड राखाडी आणि अगदी उघडं असतं. पुसेपर्यंत त्याच्यावर नारिंगी गंज चढायला लागतो, पावसाळ्यात तर डोळ्यांसमोर. म्हणून धुतल्याबरोबर फडक्याने टिपा आणि गॅसवर किंवा निखाऱ्यावर पाण्याचा शेवटचा अंश उडेपर्यंत तापवा. मग तेल. यासाठी बाहेरून काही मागवू नका. माळव्यात पिकतं ते सोयाबीन, त्याचंच घरातलं तेल उत्तम आहे. त्यातली चरबी तापवल्यावर हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट पडदा धरते. शेंगदाण्याचं तेल हे कमी करतं, खोबरेल आणि तूप जवळजवळ नाहीच. जवसाचं तेल सगळ्यांत लवकर सुकतं, पण त्याचा थर पुढे पापडीसारखा सुटतो असा आमचा अनुभव. कोमट जाळीला तेल चोळा, आणि मग चुकून लागलं होतं असं समजून कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढा. जे दिसत नाही तेवढंच राहायला हवं. २०० ते २२० अंशांवर तासभर, आणि हेच दोन-तीन वेळा. लोक तेल जास्त लावतात, ते चिकट राहतं, त्याला धूळ बसते, आणि मग तोच चिकटपणा घेऊन लोक आमच्याकडे येतात. धडाच्या आत जिथे खरवडताना लोखंड उघडं पडलं असेल तिथेही हाच हात फिरवा.

निघालेल्या मालाचं काय करायचं, हा प्रश्न इंदूरमध्ये तरी विचारायला हवा. चरबी गरम असताना मोरीत ओतू नका. ती पुढे पाइपमध्ये जाऊन थिजते. डब्यात गोठवा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि ओल्या कचऱ्यात द्या. खरवडलेला कोळसा आणि राप सुक्यात, पूर्ण गार झाल्यावर. गाडीत धुमसता निखारा गेला तर काय होईल ते सांगायला नको. वापरलेलं कॉस्टिकचं पाणी गच्चीच्या नाल्यातून किंवा बागेत सोडू नका. लिंबूफूल थोडंथोडं घालत, हळदीचा कागद लाल होणं थांबेपर्यंत ते निवळवा, मग भरपूर पाण्याबरोबर संडासात ओता. मोजे आणि चष्मा तेव्हाही घातलेलेच असू द्या. नुसत्या लाकडाची राख कुंड्यांत चिमूटभर चालते. पण भट्टीत राख पडून राहू देऊ नका, विशेषतः जूनच्या आधी. राख हवेतली ओल ओढून घेते, क्षारी चिखल बनते आणि भट्टीचा तळ तिथूनच जातो. दुरुस्तीला येणाऱ्या स्मोकरांत सडलेला तळ हीच सगळ्यांत नेहमीची तक्रार.

हा राप इतका साचलाच का, तर लाकूड ओलं आणि हवा कमी. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड जळत नाहीये, धुमसतंय. त्यातलं डांबर गार झाकणावर थिजतं. धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसेल असा हवा. आंब्याचं किंवा बाभळीचं लाकूड चालतं, पण निदान सहा महिने सावलीत वाळलेलं आणि मनगटाइतकंच जाड. प्लायवूडचे तुकडे, रंगवलेल्या चौकटी, खोक्यांच्या फळ्या बिलकूल नाहीत. धुराड्याची झडप स्वयंपाक चालू असताना कधीही पूर्ण बंद करू नका. ताप कमी-जास्त करायचा तो भट्टीच्या खालच्या झडपेने. धूर आत कोंडला की चव जास्त येते हा समज आहे. जास्त येतो तो कडूपणा. आणि पान वाढून झाल्यावर, जेवायला बसायच्या आधी, जाळी गरम आहे तोवर लाकडी पट्टी एकदा फिरवायची. दोन मिनिटांचं काम आहे. गार झाल्यावर त्याच कामाला रविवार जातो.

झाकणावरचा तापमापक विसरू नका. त्याच्या आतल्या दांडीवर राप चढला की काटा मागे पडतो, तुम्ही आणखी कोळसे घालता, आणि चिकन बाहेरून करपतं. खायच्या सोड्याची पेस्ट लावून दांडी पुसा, चाकूने खरवडू नका. मग उकळत्या पाण्यात धरून तपासा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून इथे पाणी १०० ला नव्हे, साधारण ९८ अंशांवर उकळतं. काटा ९८ दाखवत असेल तर तो बरोबर आहे, पिळून १०० वर आणायचा नाही.

सगळं परत जोडल्यावर पहिली आग रिकामीच लावा, तासभर, झडपा उघड्या. दुसऱ्यांदा चिकन नको. अर्धे चिरलेले बटाटे आणि कांदे ठेवा. कच्च्या बटाट्याला धुराची चव लगेच पकडता येते. खाऊन बघा. नुसता धुराचा वास आला तर पुढच्या रविवारी पाहुणे बोलवायला हरकत नाही. जिभेच्या मागे कडवटपणा रेंगाळला तर झाकण नव्हे, धुराडं परत उघडा. राप तिथे राहिला असणार.